जुनी पिक्चर ट्यूब : अखंड आहे तोवरच मोल

‘तुमच्या घरी लाकडी शटरचा जुना टीव्ही आहे का? त्यात रेड मर्क्युरी असते, तिची किंमत लाखांत आहे...’ असे संदेश आणि व्हिडिओ गेल्या काही वर्षांत मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. छोट्या कुपीतला लाल द्रव सोन्याकडे धावतो, लसणापासून पळतो, आरशात दिसत नाही, असे त्यात दाखवलेले असते. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा सिंगर शिलाई मशीनबद्दल उठली होती आणि लोकांनी जुनी मशीन भरमसाट किमतीला विकत घेतली होती. त्या मशीनमध्ये काही नव्हते आणि आपल्या टीव्हीतही नाही. रेड मर्क्युरी नावाचा असा पदार्थच अस्तित्वात नाही. पिक्चर ट्यूबमध्ये तर साधा पाराही नसतो. पारा असलाच तर ट्यूबनंतर आलेल्या सुरुवातीच्या एलसीडी पडद्यांमागच्या बारीक दिव्यांत, तोही अगदी थोडा.

मग आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे की या ट्यूबमध्ये पारा नसला तरी शिसे आहे, आणि तेही भरपूर. ‘लाखांचा माल’ शोधायला कोणी ट्यूबची मान फोडतो, तर कोणी तांब्यासाठी फोडतो. दोन्ही प्रकारांत हाती फारसे काही लागत नाही; काच आणि काचेची धूळ मात्र घरात, अंगणात, अंगावरच्या कपड्यांत राहते. म्हणून जुन्या ट्यूबची तब्येत कशी ओळखायची, तिची खरी किंमत काय आणि ती संपल्यावर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

क्ष-किरणांची सख्खी बहीण

पिक्चर ट्यूब आणि आमच्या दवाखान्यातले एक्स-रे मशीन एकाच घराण्यातले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन निर्वात नळीतून वीज सोडण्याचे प्रयोग करत असताना त्यांना क्ष-किरण सापडले. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, फर्डिनांड ब्राउन यांनी तशाच नळीच्या टोकाला चमकणारा पडदा बसवून इलेक्ट्रॉनचा झोत हवा तसा वळवून दाखवला. टीव्हीची पिक्चर ट्यूब, अतिदक्षता विभागातल्या जुन्या मॉनिटरवर धावणारी हृदयाच्या ठोक्यांची हिरवी रेघ आणि व्हिडिओ गेमच्या खोक्यातला पडदा ही सगळी ब्राउन यांच्या नळीचीच वंशावळ. माझ्या पिढीतले डॉक्टर ती हिरवी रेघ बघतच शिकले.

इलेक्ट्रॉनचा झोत वेगाने जाऊन आदळला की थोडे क्ष-किरण निर्माण होतातच. रंगीत टीव्हीत या झोताला वेग देण्यासाठी वीस ते तीस हजार व्होल्टचा दाब लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त किरण बाहेर पडत असल्याचे आढळले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्याविषयी कायदा झाला. ‘टीव्ही इतक्या जवळून बघू नकोस’ हे आपल्या आयांचे बोलणे त्याच काळातल्या धास्तीशी जुळणारे. हे किरण अडवण्याचे काम ट्यूबची जाड काचच करत असे. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के लेड ऑक्साइड, म्हणजे शिशाचे संयुग असते. समोरच्या पडद्यात शिशाऐवजी मुख्यतः बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असते. पडदा आणि नरसाळे यांना जोडणाऱ्या सांध्यात तर शिशाचे प्रमाण ७० टक्क्यांच्याही वर जाते. मध्यम आकाराच्या रंगीत ट्यूबमध्ये सगळे मिळून किलोभर शिसे सहज असते, मोठ्या ट्यूबमध्ये त्याहून जास्त. ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबला दाब कमी लागतो, म्हणून तिच्यात शिसेही कमी.

अखंड काचेतले हे शिसे काचेत घट्ट बांधलेले असते. माळ्यावर ठेवलेल्या किंवा आजही चालू असलेल्या टीव्हीपासून घरच्यांना शिशाची बाधा होत नाही. पडद्याला हात लावल्यानेही होत नाही. शिशाने वर्षानुवर्षे आपले रक्षणच केले. धोका सुरू होतो तो काच फुटल्यावर.

ट्यूबची तब्येत तपासताना

टीव्ही दुरुस्त करणारे जुने कारागीर ट्यूब तपासतात ती रीत आमच्या रुग्णतपासणीसारखीच आहे. आधी बघायचे, मग विचारायचे, हात सर्वांत शेवटी लावायचा. यातला बघण्याचा भाग घरच्या कुणालाही करता येतो, आणि तोही मागचे झाकण न उघडता.

पहिली खूण वेळेची. निरोगी ट्यूब चालू केल्यावर काही सेकंदांत चित्र धरते. थकलेली ट्यूब मिनिट-दोन मिनिटे घेते आणि मग अंधूक चित्र देते. ब्राइटनेस वाढवला तर पांढऱ्या जागा उजळण्याऐवजी चंदेरी, फासल्यासारख्या दिसतात. झोत सोडणाऱ्या कॅथोडवरचा लेप म्हातारा झाल्याची ही खूण.

दुसरी खूण रंगाची. रंगीत ट्यूबमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन झोत असतात. पांढरे चित्र निळसर-हिरवे दिसत असेल तर लाल झोत अशक्त, पिवळट दिसत असेल तर निळा, जांभळट-गुलाबी दिसत असेल तर हिरवा. पडद्याच्या एका कोपऱ्यातच रंगाचा डाग असेल तर मात्र घाबरायचे कारण नाही. जवळ ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाने असे होते आणि ते दुरुस्त होते. पोटात गुबारा धरला म्हणून कोणी पोट उघडत नाही, तसेच हे.

तिसरी खूण जळाल्याची. तेच ते चित्र वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले तर पडद्याचा चमकणारा लेप तिथे जळतो. टीव्ही बंद करून पडद्यावर तिरका उजेड पाडला की ते दिसते. टीव्हीवर हे डाग कमी, व्हिडिओ गेमच्या ट्यूबवर फार. नव्वदच्या दशकात आपल्याकडे एसटी स्टँड आणि थिएटरच्या आसपास नाणे टाकून खेळायचे पार्लर होते. मुले ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत तो गेम, स्ट्रीट फायटर, अशी यंत्रे सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असत. खेळाडू असो वा नसो, गुणांची पट्टी तीच आणि तिथेच. १९८० च्या पॅकमॅन गेमचा चक्रव्यूह तर जगभरातल्या कितीतरी ट्यूबवर कायमचा उमटला आहे. यंत्र बंद असतानाही तो दिसतो. हा व्रण कुठल्याही उपायाने जात नाही. चाळीस वर्षांची पण क्वचित चाललेली ट्यूब दहा वर्षे अखंड चाललेल्या ट्यूबपेक्षा तरुण असू शकते. वय कागदावरून नव्हे, झिजेवरून ठरते, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो.

चौथी खूण मोतीबिंदूची. हा माझा शब्द नाही, जुन्या ट्यूब जमवणारे परदेशी संग्राहकच याला ‘कॅटरॅक्ट’ म्हणतात. काही फार जुन्या ट्यूबच्या पडद्यावर संरक्षक काच चिकटवलेली असे. मधला चिकट थर वयाने खराब झाला की कडेपासून पांढुरके ढग सरकू लागतात. आतली ट्यूब धडधाकट असली तरी चित्र धूसर दिसते. अनुभवी हात ती वरची काच काढून ट्यूब वाचवतात, अगदी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसारखे. पण हे घरी करायचे काम नव्हे.

पुढच्या दोन खुणा झाकण उघडल्यावरच दिसतात, म्हणून त्या फक्त कारागिराने बघायच्या. ट्यूबच्या मानेत आतल्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा लेप, आत उरलेली हवा शोषून घेण्यासाठी. तो चंदेरी असेल तर निर्वात पोकळी शाबूत. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली, ट्यूब गेली. चालू ट्यूबच्या मानेत जांभळट उजेड पसरलेला दिसला तरी आत वायू शिरल्याचीच शंका घ्यायची. शेवटी येते यंत्रावरची तपासणी. तीनही कॅथोड किती झोत सोडतात ते मोजणारे टेस्टर असतात, ते आमच्या ईसीजीसारखे. अशक्त कॅथोडला जोराचा झटका देऊन तात्पुरती उभारी आणण्याची रीतही आहे. ती शेवटचा उपाय म्हणूनच वापरतात, कारण त्यातून ट्यूब काही महिने चालते किंवा तिथेच संपते.

झाकण न उघडण्याबद्दल एवढा आग्रह का? ट्यूबच्या काचेच्या आत-बाहेर विद्युतवाहक लेप असतात आणि मधली काच वीज साठवून ठेवते. प्लग काढल्यावरही हा साठा बराच काळ टिकतो. एकदा रिकामा केला तरी थोड्या वेळाने पुन्हा थोडा जमतो. असा झटका बसून माणूस मागे फेकला जातो, हातातली ट्यूब पडते, आणि ज्याला हृदयाचा आजार आहे त्याच्या जिवावर बेतू शकते. दुसरे कारण हवेच्या दाबाचे. वीस इंची पडद्याचे क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर. आत पोकळी असल्याने बाहेरची हवा त्या पडद्यावर बाराशे किलोंच्या आसपास भार टाकत असते. मान हा सर्वांत नाजूक भाग. ट्यूब मानेला धरून कधीच उचलू नये.

किंमत कोणासाठी, किती

चांगल्या ट्यूबला आज किंमत आहे, यात खोटे काही नाही. मात्र ती आतल्या कुठल्या गुप्त पदार्थाची नव्हे, तिच्या चित्राची. जुने गेम या ट्यूबसाठीच बनले होते. बंदुकीने नेम धरायचे जुने गेम तर सपाट पडद्यावर चालतच नाहीत, कारण त्यांची बंदूक ट्यूबच्या झोताची वेळ ओळखून काम करते. नव्या ट्यूब आता बनत नसल्याने डाग नसलेली, तीनही झोत सशक्त असलेली, मान आणि कॉइल जुळणारी ट्यूब संग्राहकांना हवी असते. जळका चक्रव्यूह असलेली किंवा पांढऱ्या डागाची ट्यूब त्यांना नको असते. त्यामुळे तुमचा टीव्ही चांगला चालत असेल तर तो चालत्या स्थितीतच, त्याच्या सर्किटसकट, घेणाऱ्याला दाखवा. सुटी काढलेली ट्यूब निम्मे मोल तिथेच गमावते.

न चालणाऱ्या ट्यूबचे काय? भंगाराच्या दुकानात तिची किंमत ठरते मानेभोवती बसवलेल्या तांब्याच्या कॉइलवरून. काही शे ग्रॅम तांबे, थोडे लोखंड, सर्किटचा बोर्ड. काचेला कोणी विचारत नाही. ही काचही पूर्वी विकली जायची. ट्यूब बनवणारे कारखाने जुनी काच वितळवून नव्या ट्यूबमध्ये घालत. टीव्हीच्या काचेचे घट बनवण्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने तळोज्याला कारखाना काढला होता. आपल्या शेजारच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत आणि त्याच समूहाची ट्यूबच्या काचेची भट्टी गुजरातमध्ये भरूचजवळ होती. गेल्या दशकात अमेरिकेतल्या जुन्या ट्यूबची काचसुद्धा त्या भट्टीत येत असे. सपाट पडदे आले, भट्ट्या थंडावल्या आणि शिशाच्या काचेला गिऱ्हाईक उरले नाही. अमेरिकेत काही कंपन्या गोदामांत काचेचे ढीग सोडून बंद पडल्या. आपल्याकडे ढीग दिसत नाहीत, कारण काच नाल्यात, गावाबाहेरच्या खड्ड्यात, रस्त्याच्या कडेला पांगते.

हिशेब असा की ट्यूब फोडणाऱ्याला तांब्याचे थोडे पैसे मिळतात आणि काचेचा खर्च त्याच्या लेकरांच्या अंगावर पडतो.

शिसे शरीरात काय करते

ट्यूब फोडताना, काच चुरताना बारीक धूळ उडते. ती श्वासातून जाते, त्याहून जास्त हातावरून तोंडात जाते. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो. लहान मुलात हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्याकडे रक्त कमी असलेली मुले किती आहेत हे शाळातपासणीला जाणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, म्हणजे धोका कुठे आहे ते कळेल.

मुलांमध्ये शिशामुळे रक्त कमी होते, पोट वारंवार दुखते, शौचाला घट्ट होते, भूक मंदावते, चिडचिड वाढते. यापेक्षा गंभीर नुकसान मेंदूचे. लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही. हे सगळे कुठल्याही दुबळ्या मुलात दिसते, त्यामुळे शिशाचा संशयच येत नाही. जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या देऊन मूल घरी जाते. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे खराब होतात. शिसे फार साठले तर हिरड्यांवर निळसर रेघ दिसते, मनगट लुळे पडते. शरीरात गेलेले शिसे हाडांत अनेक वर्षे मुक्काम करते आणि गरोदरपणात हाडांतून रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते.

रक्तातल्या शिशाची ‘इतके चालते’ अशी सुरक्षित पातळी नाही. दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून तो संपर्क थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ही पातळी ओलांडलेली आहे आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली आहेत. हे सगळे शिसे टीव्हीतून आलेले नाही, हे लक्षात घ्या. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणे आणि वितळवणे हे त्याचे फार मोठे कारण आहे. पण बॅटरी फोडणारे आणि ट्यूब फोडणारे हात बहुधा एकाच वस्तीतले असतात.

शिसे फार वाढले तर ते लघवीवाटे काढणारी औषधे आहेत. त्यांनी रक्तातली पातळी उतरते. बुद्धीचे झालेले नुकसान मात्र त्याने भरून येत नाही. म्हणून या आजारात उपचारापेक्षा संपर्क टाळणे हेच खरे औषध.

भंगाराचा धंदा करणाऱ्या, वेचक म्हणून काम करणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती आहे. मुलाचे पोट सतत दुखत असेल, रक्त गोळ्यांनीही वाढत नसेल, तर डॉक्टरांना आपला धंदा न लाजता सांगा. त्या एका वाक्यावरून डॉक्टर रक्तातल्या शिशाची तपासणी करायची की नाही ते ठरवू शकतात. आणि माझ्या तरुण डॉक्टर मित्रांनी ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न केसपेपरवर नाव लिहितानाच विचारावा.

काय करावे, काय टाळावे

- जुना टीव्ही किंवा मॉनिटर चालत असेल तर वापरा, विका किंवा द्या. अखंड ट्यूब घरात असण्यात धोका नाही.
- रेड मर्क्युरीच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.
- टीव्ही उचलताना दोघांनी उचला, पडदा छातीकडे ठेवा. मुलांच्या डोक्यावर कोसळेल अशा उंच, डुगडुगत्या स्टँडवर तो ठेवू नका.
- बंद पडलेला टीव्ही अखंडच द्या, तोही नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला किंवा त्यांच्या संकलकाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीशिवाय असा कचरा फोडता येत नाही. कुठे द्यायचा याची चौकशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात करा. शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालयांनी जुन्या संगणकांचे निर्लेखन करताना लिलावातच ही अट घालावी.
- घरात ट्यूब फुटलीच तर मुलांना आणि गरोदर स्त्रीला बाहेर न्या, खिडक्या उघडा. झाडू मारू नका, त्याने धूळ उडते. तोंडावर मास्क आणि हातात जाड मोजे घालून तुकडे गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा. सगळे दुहेरी पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या.
- काच लागली तर खोल रुतलेला तुकडा ओढू नका. भोवतीने दाब देऊन रक्त थांबवा आणि दवाखान्यात या. धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका. डोळ्यात कण गेला तर चोळू नका.
- भंगाराचे काम करणाऱ्यांनी जेवणापूर्वी साबणाने हात-तोंड धुवावे, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, लेकराला उचलण्याआधी कपडे बदलावेत. मुलांना वेळेवर जेवण आणि लोह-कॅल्शियम मिळाले तर शिसे कमी शोषले जाते. मात्र गूळ-शेंगदाणे आणि दूध दिले म्हणून काच फोडायला मोकळीक मिळत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतरच्या वर्षांत उसाच्या बिलातून, बोनसमधून, कधी हप्त्याने आपल्या जिल्ह्यात घरोघर ट्यूब आल्या. बहुतेकांचे आयुष्य आता संपले आहे किंवा संपत आले आहे. माळ्यावर चढून एकदा बघा. ट्यूब चालत असेल तर तिला कदर करणारे घर शोधा. चालत नसेल तर ती न फोडता योग्य हाती द्या, म्हणजे तिच्यातले किलोभर शिसे कुणाच्या लेकराच्या रक्तात जाणार नाही.